केबिनमधून सुटलेला दिवा

1911 च्या सुमाराला मुंबईत एक गृहस्थ रोज रात्री घरच्या भिंतीवर चित्रपट पाहत बसायचे. वीज नाही, मोटर नाही. एक मेणबत्ती, एक बहिर्गोल भिंग आणि विकत आणलेली थोडी रिळं, एवढाच संसार. रोजचे चार-पाच तास असे गेले आणि डोळ्यांवर इतका ताण आला, की दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, म्हणून पुढचा इतिहास घडला. हे गृहस्थ म्हणजे दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. पण त्याच्या आधीचा हा रात्रीचा उद्योग होम थिएटरच्या वंशावळीत अगदी वरच्या फांदीवर लिहायला हवा, असं माझं मत आहे.

हे सुचायला कारण घडलं ते बेंगळूरुच्या यशवंतपुरात. आमच्या बाहेरच्या खोलीत सध्या एक छोटा डिजिटल प्रोजेक्टर आला आहे. आकार मिसळणाच्या डब्याएवढा, वजन किलोभर. खोक्यावर छापलंय, की आता थिएटर तुमच्या घरी. जाहिरात करणाऱ्यांना इतिहासाशी देणंघेणं नसतं, ते ठीकच. पण हा प्रकार घरात नव्यानं आलेला नाही. तो आधी घरातच होता, मग आगीच्या भीतीनं त्याला केबिनमध्ये कोंडलं, आणि आता तो परतला आहे.

फाळक्यांच्याही मागे जायचं तर कल्याण गाठावं लागतं. तिथे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ लोकांसमोर आणली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि समोर पडदा. मॅजिक लँटर्न परदेशात जुनीच होती, पण पटवर्धनांनी तिच्यात पौराणिक कथा भरल्या, जोडीला निवेदन आणि गाणी घातली, आणि काचा अशा सफाईनं बदलल्या, की पडद्यावरची पात्रं हालचाल करताहेत असं वाटावं. ल्युमिए बंधूंचा सिनेमा मुंबईला पोहोचायला अजून चार वर्षं होती. यंत्राचे सगळे अवयव मात्र तेव्हाच जागेवर होते. माझ्या डब्यातही दिवा, चित्र आणि भिंग हाच क्रम आहे.

7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएंचा खेळ झाला, तिकीट एक रुपया. त्या सिनेमॅटोग्राफची खुबी अशी, की त्याच लाकडी पेटीनं चित्रण करायचं, त्याच पेटीत प्रती काढायच्या, आणि मागे दिवा ठेवला की तीच पेटी प्रोजेक्टर. हँडल हातानं फिरवायचं, सेकंदाला साधारण सोळा चौकटी. एका माणसानं सहज उचलून न्यावी एवढीच पेटी. म्हणजे सिनेमाचं पहिलंवहिलं मशीनसुद्धा लहान आणि फिरतं होतं. मग ते अवजड कशामुळे झालं?

आगीमुळे. त्या काळची फिल्म नायट्रोसेल्युलोजची. पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यात बुडवली तरी जळत राहते. वर उजेडासाठी दिवा प्रखर हवा, आणि तो चित्राच्या अगदी पाठीशी. 4 मे 1897 ला पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राचा ईथरवर चालणारा दिवा भरताना भडका उडाला आणि 126 माणसं गेली, त्यांतल्या बहुतेक बायका. फिल्म तर अजून पेटलीही नव्हती, नुसत्या दिव्यानं एवढं केलं. फाळक्यांची मेणबत्ती आणि तिच्या शेजारची रिळं आठवली, की त्यांचं घर शाबूत राहिलं याचंच नवल वाटतं.

यानंतर जगभर कायदे आले. आपल्याकडचा 1918 चा सिनेमॅटोग्राफ कायदा आपल्याला सेन्सॉरसाठी आठवतो, पण त्याचा दुसरा हात जागेच्या परवान्यावर होता, प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी. प्रोजेक्टर केबिनमध्ये गेला, भिंतीला चौकोनी भोकं राहिली, आणि मशीनशेजारी उभं राहण्याचा मान फक्त ऑपरेटरला उरला. दिवा म्हणजे कार्बन आर्क, दोन कांड्यांच्या टोकांमधली ठिणगी. कांड्या जळत जातील तसं अंतर वाढतं, म्हणून त्या सतत जवळ सरकवाव्या लागत. रीळ बदलायची वेळ आली की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जाई. प्रेक्षकांच्या तो लक्षातही येत नसे, ऑपरेटरचा मात्र सगळा जीव त्या ठिपक्यात. झेनॉनचे दिवे आल्यावर कांड्यांची कटकट संपली, उष्णता तेवढी राहिली.

घरचा रस्ता पुन्हा खुला केला तो दिव्यानं नव्हे, फिल्मनं. पाथेनं 1922 मध्ये साडेनऊ मिलिमीटरची आणि कोडॅकनं 1923 मध्ये सोळा मिलिमीटरची फिल्म काढली, दोन्ही न भडकणाऱ्या ॲसिटेटच्या. सोळाचा आकडाही विचारपूर्वक निवडलेला होता, असं सांगतात: पस्तीसची फिल्म मधोमध चिरून कुणी स्वस्तातली नायट्रेट घरात घुसवू नये. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ही यंत्रं गेली, लग्नामुंजींची रिळं निघाली. पण आपल्याकडे सोळा मिलिमीटरचं खरं घर म्हणजे रस्ता. सरकारी प्रचाराच्या गाड्या, शाळेचं पटांगण, कारखान्याचं आवार आणि सगळ्यांत वर गणेशोत्सव.

गणपतीतल्या सिनेमाचा पडदा गल्लीच्या मधोमध बांधलेला असे, आणि लोक दोन्ही बाजूंना बसत. पुढे जागा मिळाली नाही की मागे. मागून चित्र उलटं दिसे, नायक डावखुरा, पाटीवरची अक्षरं आरशातली. आमचे बाबा गिरगावातले आणि कायम मागचे गिऱ्हाईक. नवा प्रोजेक्टर आला तेव्हा भिंतीवरचं चित्र त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चादर बांध रे दारात, मागून बघू.” बांधली. मेनूमध्ये चित्र उजवं-डावं उलटं करायची सोय असते, पडद्यामागून प्रक्षेपण करणाऱ्यांसाठी. ती लावू का विचारलं, तर ते स्वयंपाकघरातल्या खुर्चीवरून ओरडले, “काही नको, उलटंच बरं आहे.” जुन्या सुती चादरीतून इतका उजेड पार जातो, हे मलाही तेव्हाच कळलं.

दिव्याचा प्रश्न सुटायला विसावं शतक सरावं लागलं. त्याआधी बदललं ते चित्र. 1987 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी एक चिप बनवली, जिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे बसवता येतात. आरसा एकीकडे कलला की उजेड भिंगातून पडद्यावर, दुसरीकडे कलला की आतच मुरतो. सेकंदाला हजारो वेळा कलून तो करडेपणाची पायरी ठरवतो. या कामासाठी 2015 मध्ये हॉर्नबेकना ऑस्करची बाहुली मिळाली, तारेतारकांच्या सोहळ्यात नाही, शास्त्रीय-तांत्रिक पुरस्कारांत. त्यांच्या कंपनीनं 1985 मध्येच बेंगळूरुला केंद्र उघडलं होतं, या गावात परदेशी कंपन्यांची रांग लागण्याच्या बऱ्याच आधी. दुसऱ्या बाजूला एप्सननं 1989 मध्ये एलसीडीवर चालणारा प्रोजेक्टर बाजारात आणला. कंपन्यांच्या सभागृहांत ही दोन्ही घराणी स्थिरावली, पण त्यांच्या पोटात पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता, सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाचा. तो तापायचा, काही हजार तासांत मरायचा, आणि नव्याची किंमत ऐकून मालक गप्प बसायचा.

निळा एलईडी नसता तर आजचा डबा झालाच नसता. लाल आणि हिरवा आधीपासून होते. प्रखर निळा जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी 1993 मध्ये दाखवला, आणि 2014 चं नोबेल त्यांना आकासाकी व आमानो यांच्यासह मिळालं. तीन रंगांचे तीन थंड दिवे हाती आले, तसा आरसेवाल्या यंत्रांतून पांढऱ्या उजेडाला रंगीत काचांतून गाळायचा उपद्व्यापही गेला. 2008 च्या अखेरीस खिशात मावणारा आरसेवाला प्रोजेक्टर दुकानात आला. थंड म्हणजे कांड्यांच्या आर्कपुढे थंड. माझ्या डब्यातला पंखा शांत प्रसंगात स्पष्ट ऐकू येतो.

आता चाचणीबद्दल. खोक्यावर ल्युमेनचे आकडे हजारांत असले तर ते सोडून द्यावेत. पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाच्या मध्यावरचा उजेड मोजायचा, सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळानं गुणायचं, या पद्धतीनं आलेल्या आकड्याला एएनएसआय ल्युमेन म्हणतात, तोच पाहावा. आमच्या डब्याचे ते 200 आहेत. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ होतं पावणेतीन चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम 72 ल्युमेन. थिएटरच्या पडद्याला जो उजेड प्रमाण मानतात, त्याला साधारण दीडशे लागतात. गणित सरळ आहे: 200 ल्युमेनचं मशीन सत्तर इंचांवर थिएटरच्या तोडीचं, शंभरावर निम्मं. भिंतीवर चित्र मोठं करत गेलो तसे घरातले खूश होत गेले आणि मी खट्टू. शेवटी सत्तरच्या आसपास ठरलं. सोफा थोडा पुढे ओढला की आईच्या मते तेवढंच मोठं दिसतं, आणि तिचं बरोबर आहे.

दुसरी अडचण काळ्या रंगाची. प्रोजेक्टर काळा फेकू शकत नाही. काळं म्हणजे नुसती भिंत, आणि तुमकूर रोडवरचे दिवे, उन्नत मार्गावरून जाणारी मेट्रो, बाजार समितीच्या यार्डाकडे कांदा घेऊन वळणारे ट्रक हे सगळे त्या भिंतीवर आपापला हिस्सा टाकून जातात. रात्रीचा प्रसंग असलेला चित्रपट लावला, की भुतांऐवजी ट्रकचे हेडलाइट फिरतात. टीव्हीला जाड पडदे लागत नाहीत, याला लागतात, आणि चांगल्या जाड पडद्यांची किंमत प्रोजेक्टरच्या किमतीत धरूनच खरेदी ठरवावी. फोकस मात्र आपोआप होतो, वाकडं चित्र सरळही होतं. पण सरळ करताना तो एलसीडीच्या कडांचे ठिपके वाया घालवतो. त्यापेक्षा डब्याखाली पुस्तक सरकवून उंची साधलेली बरी.

घरात डिजिटल प्रोजेक्टर येत होते, त्याच सुमाराला सिनेमाच्या फिरत्या तंबूंची रिळं थांबली. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या जत्रांमधले तंबूवाले दिसतात: ट्रकवर लादलेली गंजकी मशीनं, न आलेली रिळं, आणि मग येणारा डिजिटल प्रोजेक्टर. 2016 मध्ये कान महोत्सवात त्याचा खास उल्लेख झाला. मला त्यातला प्रोजेक्टर दुरुस्त करणारा वृद्ध कारागीर जास्त लक्षात राहिला, कारण त्याच्या हातातल्या मशीनचा प्रत्येक दात त्याला माहीत आहे.

माझ्या डब्यात धूळ गेली तेव्हा चित्राच्या मधोमध एक करडा डाग बसला. एस. पी. रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा हातात फिरवला, तळचे स्क्रू पाहिले आणि विचारलं, “सील्ड आहे की नाही?” मला सांगता येईना. त्यानं उघडून पाहिलं. सील नव्हतं. एलसीडीच्या काचेवर ब्लोअर मारून, मऊ ब्रश फिरवून त्यानं डाग काढला आणि मशीन चालवून दाखवलं. जाताना म्हणाला, “पुढच्या वेळी सील्ड घ्या, धूळ जाणार नाही. मात्र दिवा गेला तर माझ्याकडे आणू नका, तो वेगळा मिळत नाही.”