रूढीची साक्ष

देवळातील मानपानाचा तंटा निघाला की आपण म्हणतो, “हे पूर्वापार चालत आले आहे.” परंतु न्यायासनापुढे पूर्वापारालाही पुरावा लागतो. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाने, सरकारी कायदा नसेल तेथे प्रथम देशरूढी पाहावी, असे ठरविले. त्याच वर्षी आर्थर स्टील ह्यांनी सरकारी आज्ञेने सिद्ध केलेला दख्खनच्या जातिरूढींचा संग्रह मुंबईस छापून निघाला. पुण्याचे शास्त्री व जातींचे प्रमुख ह्यांना विचारून शास्त्र आणि वहिवाट ही दोन्ही त्यांनी नोंदविली. हे श्रम आम्ही मोलाचे मानतो. तथापि शास्त्री बोलले, प्रमुख बोलले. घरातल्या विधवेचा हक्क मात्र त्यांच्याच तोंडून लिहिला गेला. न्यायासाठी माहिती जमविणाऱ्याने, कोणास विचारले ह्याबरोबरच कोणास विचारले नाही हेही लिहून ठेवावे, असे आम्हांस वाटते.