दूरदर्शनचे दशक आणि आमची चाळ

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘जुन्या आठवणींवर काही लिहा’ असा आग्रह कार्यवाह ताईंनी केला, तेव्हा प्रथम मी हसण्यावारी नेले. हळदीकुंकवाचा हिशेब लिहिणे निराळे आणि लेख लिहिणे निराळे! परंतु गेले वर्षभर आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरून फिरून येत आहे. एकच दूरदर्शन, एकाच घरात टी.व्ही., सारी चाळ एका कुटुंबासारखी, ते दिवस सोन्याचे, असा त्याचा सूर असतो. मलाही तो वाचून गोड वाटते. पण वाचून झाल्यावर मनात येते, त्या एका टी.व्ही.समोर कोण कुठे बसले होते, हे मात्र कोणी लिहीत नाही. म्हणून हा प्रपंच.

मी लिहीत आहे ते १९८२ ते १९९१ या काळाविषयी. माझे बालपण घाटकोपरच्या पश्चिमेस, भटवाडीच्या बाजूला एका बैठ्या चाळीत गेले. चौदा खोल्या, दोन नळ आणि समोर उतरती गल्ली. आपल्यापैकी कित्येकींनी असेच दिवस काढले आहेत. मग चाळ मुलुंडची असो, भांडुपची असो वा अंधेरीच्या मरोळ बाजूची.

टी.व्ही. मुंबईस नवा नव्हता. दिल्लीचे केंद्र १९५९ साली निघाले आणि आपले मुंबईचे २ ऑक्टोबर १९७२ रोजी. थोरल्या मंडळींच्या तोंडी चिमणराव-गुंड्याभाऊ असत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ती जोडी आम्हा मुलांना ऐकूनच ठाऊक. ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘आमची माती आमची माणसं’ ही नावेही अशीच कानांवरून गेलेली. कारण टी.व्ही. होता तो स्टेशनजवळच्या इमारतींत. आमच्या गल्लीपर्यंत यावयास त्याला बारा वर्षे लागली.

१९८२ साली दिल्लीस एशियाड भरले आणि त्याच वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. त्यावेळचे नभोवाणी खात्याचे मंत्री वसंत साठे हे आपले विदर्भातले. गरीब देशाला रंगीत टी.व्ही.ची चैन हवी कशाला, अशी टीका त्यांच्यावर पुष्कळ झाली. ती करणारांचे चुकले असेही म्हणवत नाही. कारण त्याच वर्षी, १८ जानेवारीस, गिरण्यांचा संप सुरू झाला होता.

त्या संपाची हकिगत घाटकोपरकरांना सांगावयास नको. डॉ. दत्ता सामंत मूळचे आपल्या पंतनगरातले डॉक्टर. दगडखाणींतील मजूर त्यांच्या दवाखान्यात येत, त्यांची दुखणी पाहता पाहता ते त्यांचे पुढारी झाले. त्यांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. वर्ष उलटल्यावर त्यांनी एका गोदामावर रखवालदारी धरली. आई रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेच्या गुजराती घरी खाकरे लाटावयास जाऊ लागली. आमच्या चाळीतल्या चौदांपैकी नऊ खोल्यांत हीच कथा. तेव्हा ते दशक रंगीत झाले ते दिल्लीस. आमच्याकडे आला तो काळापांढराच.

तो आला १९८४ च्या उन्हाळ्यात, कोपऱ्यावरच्या काकूंकडे. त्यांचे यजमान सरकारी कचेरीत होते. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, वर भरतकाम केलेला रुमाल आणि त्यावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. काही दिवसांनी त्यांनी काचेसमोर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचे कपाळ निळे आणि पदर हिरवा दिसे. पत्र्यावर अँटेना होता. त्यावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या नाचत. मग काकूंचा थोरला मुलगा पत्र्यावर चढून विचारी, “दिसतंय का?” आणि खालून तीस जणांचा एकच आवाज उठे, “नाही!”

आता बसण्याची व्यवस्था ऐका. पलंगावर काकूंचे यजमान व त्यांच्या बरोबरीचे दोघे-तिघे पुरुष. त्यांच्या पायांशी, अगदी टी.व्ही.च्या तोंडाशी, आम्ही मुले. भिंतीला टेकून सासवा आणि म्हाताऱ्या. दारात व उंबरठ्यावर सुना. कोणाच्या मांडीवर मूल, कोणाच्या मांडीवर तांदळाचे ताट. खिडकीच्या गजांबाहेर पलीकडच्या वस्तीतली मुले उभी असत. त्यांना कोणी ‘या’ म्हणत नसे आणि ‘जा’ही म्हणत नसे. एवढे मात्र खरे की पाऊस आला तरी ती आत येत नसत. याचे कारण आम्हांला तेव्हा कोणी सांगितले नाही. मोठेपणी ते आपोआप कळले. काकू मनाने वाईट नव्हत्या. पाण्याचा तांब्या त्या खिडकीतून बाहेरही देत; पण तो तांब्या निराळा ठेवलेला असे.

आणि सुना उंबरठ्यावर का? तर तेथून उठून जाणे सोपे. कुकरची शिट्टी झाली, तान्हे रडले, घरधनी कामावरून आला, की उठावयाचे. माझ्या आईने त्या दहा वर्षांत एकही कार्यक्रम सलग पाहिला असेल असे मला वाटत नाही.

१९८४ च्या जुलैत ‘हम लोग’ लागली. हीही साठ्यांचीच कल्पना. मेक्सिको देशात अशा कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार करतात हे त्यांनी पाहिले आणि तसे काही आपल्याकडे व्हावे म्हणून मनोहर श्याम जोशी यांच्याकडून ती लिहून घेतली गेली. आरंभी उपदेश फार होता. तो लोकांना रुचेना, तेव्हा तो कमी करून गोष्ट वाढवली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगत. आमच्या चाळीत हिंदी नीट समजणाऱ्या बायका थोड्या. तरी बडकी, मझली, छुटकी या तिघी बहिणी जणू आमच्याच गल्लीतल्या होऊन गेल्या. त्यांचा बाप बसेसरराम दारुडा. तो झोकांड्या खात घरी आला की आम्ही मुले हसत असू. दारातल्या बायका मात्र हसत नसत. संपानंतर कितीतरी घरांत संध्याकाळी तेच चाललेले होते. पलंगावरचा एखादा पुरुष अशा वेळी ‘काय लावलंय हे’ म्हणून उठून जाई. दुसऱ्या दिवशी नळावर बायका आपल्या नवऱ्याबद्दल चकार शब्द काढीत नसत; पण बसेसररामाला अशी काही बोलणी बसत की विचारू नका! माझ्या मते त्या मालिकेचे खरे काम कुटुंबनियोजन नव्हतेच, हे होते.

१९८६ च्या डिसेंबरात स्मिता पाटील गेली. चित्रपटात येण्यापूर्वी ती मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असे, म्हणून थोरल्या बायकांना ती घरातल्या मुलीसारखी वाटे. ‘उंबरठा’ १९८२ चा. तो आमच्या चाळीतल्या किती जणींनी पाहिला होता कोण जाणे, पण तान्हे मूल मागे टाकून गेली म्हणून साऱ्या हळहळल्या.

आणि मग २५ जानेवारी १९८७. त्या रविवारी सकाळी साडेनऊला ‘रामायण’ सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालले. रामानंद सागर यांनी ते मुंबईपासून फार दूर नसलेल्या उंबरगावला चित्रित केले. रविवार सकाळचे सामसूम रस्ते, रिकाम्या बसगाड्या, टी.व्ही.ला हार आणि उदबत्ती हे सर्व आपणा सर्वांना पाठ आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. काकूंच्या दाराशी त्या दिवशी चपलांचा ढीग पडे. मंथरा म्हणजे ललिता पवार, कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, दशरथ म्हणजे त्यांचे यजमान बाळ धुरी आणि भरत म्हणजे संजय जोग. अयोध्येच्या राजवाड्यात अर्धी माणसे आपली मराठी, याचा थोरल्यांना मोठा अभिमान वाटे.

परंतु आमच्या भागात पाणी सकाळी नऊला येई आणि साडेदहाला जाई. दोन नळ, चौदा बिऱ्हाडे आणि शिवाय पलीकडच्या वस्तीतून येणाऱ्या बायका. रोज हंडे-कळशांची रांग गल्लीच्या तोंडापर्यंत लागे. भांडणे होत, कधी झिंज्याही धरल्या जात. आपल्या गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत ते उगाच नव्हे. उपनगरातल्या बाईचा अर्धा जन्म नळावर गेलेला आहे. आता ‘रामायण’ लागले म्हणजे नळावर चिटपाखरू नसे. आईने ते दुसऱ्याच रविवारी हेरले. साडेनऊला शंखनाद झाला की ती पदर खोचून दोन्ही नळ धरी. पिंप, दोन हंडे, चार कळशा, मोरीतली टाकी. शिवाय आजारी असलेल्या एका शेजारणीचेही पाणी भरून होई. आठवड्यातला हा एक दिवस तिला रांग नव्हती, भांडण नव्हते. पलीकडच्या वस्तीतल्या दोघी-तिघीही तेव्हाच येत. रोज त्यांना शेवटी थांबावे लागे. रविवारी त्याही नळाखाली निवांत कळशी लावीत आणि आईशी गप्पा मारीत. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या मुलांच्या आया त्या. आईची त्यांच्याशी जी मैत्री झाली ती पुढे तीस वर्षे टिकली.

दुपारी जेवताना मी आईला ‘रामायण’ सांगे. मी नऊ वर्षांची होते. बाण एकमेकांवर आदळून कसे विझले, हे मी भाताचा घास हातात धरून दाखवीत असे, आणि आई म्हणे, “जेव आधी.” १९८८ च्या २ ऑक्टोबरला ‘महाभारत’ सुरू झाले, तेही रविवारी सकाळीच. कृष्ण झालेले नितीश भारद्वाज आपले मराठी आणि शिक्षणाने गुरांचे डॉक्टर, याचे चाळीत मोठे कौतुक झाले. पण नळाची वेळ काही बदलली नाही.

दूरदर्शनने करमणूकच केली असे नव्हे. आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम पाहून गावोगावी लोकांनी ज्ञानदीप मंडळे काढली होती, हे आजच्या मुलींना खरे वाटणार नाही. आकाशवाणीवर दुपारी ‘वनिता मंडळ’ लागे. माझी शाळा १९९१ साली सातवीनंतर सुटली. धाकट्या भावंडांना सांभाळणे भाग होते. पुढचे जे काही थोडेफार वाचते-लिहिते, लहान मुलाला जुलाब झाले तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे इतपत जे कळते, ते या दोन ‘शाळां’मुळे. या बाबतीत व्हॉट्सअॅपवरचा तो मजकूर खरा आहे आणि मी त्याला हात जोडते.

पंचांगाप्रमाणे दशक १९९० ला संपले, पण आमच्या बायकांचे ते १९९१ साली ‘माहेरची साडी’ आल्यावर संपले असे मी धरते. काकूंनी पुढाकार घेऊन चाळीतल्या अकरा जणींना तो दाखवावयास नेले. तीन तास कोणाला उठावे लागले नाही. रडून रडून सगळ्यांचे डोळे सुजले होते आणि परत येताना सगळ्या हसत होत्या.

पुढे २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टी.व्ही. निघाला. मुंबई केंद्र निघाले त्याला त्याच दिवशी वीस वर्षे झाली होती. केबलच्या काळ्या तारा पत्र्यांवरून घरोघर गेल्या, हप्त्याने टी.व्ही. मिळू लागले आणि १९९५-९६ पर्यंत आमच्या चाळीतल्या सर्व खोल्यांत ते झाले. खिडकीबाहेरच्या मुलांच्या घरीही झाले. काकूंच्या दारातला चपलांचा ढीग गेला, याचे काकूंना वाईट वाटे. त्या मुलांच्या आयांना वाईट वाटल्याचे मी ऐकले नाही.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवावयास घेतले. तेव्हा आई माझ्याकडे, पुनर्विकासानंतरच्या आमच्या सहाव्या मजल्यावरच्या खोलीत राहत होती. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखरे. घरात तीन नळ. तिला मी टी.व्ही.समोरच्या खुर्चीत बसविले. पहिले दोन दिवस ती सवयीने मधूनच उठे आणि स्वयंपाकघरात जाऊन काही करावयाचे राहिले आहे का, ते पाहून येई. तिसऱ्या दिवसापासून बसली. दशरथाच्या मृत्यूचा भाग लागला तेव्हा तिने मला हाक मारली, आवाज मोठा करावयास सांगितला आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, “जयश्री गडकर कौसल्या झाली होती, हे तेव्हा नळावर ऐकलं होतं गं. पाहिली आज.”