बालप्रेक्षकाकडून बालनाटककाराकडे

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात, यासाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क संविधानात आला. सीमाभागातील आपल्या मागण्यांना या तरतुदीचा मोठा आधार आहे. मात्र तिची व्याप्ती नीट समजून घेतली पाहिजे. राज्याने व स्थानिक प्राधिकरणांनी ‘प्रयत्न करावा’ एवढेच बंधन ती घालते, आणि तेही प्राथमिक टप्प्यापुरते. त्या वयानंतर, किंवा शाळेबाहेर, मुलाने मराठीत विचार करावा व चारचौघांत ती आत्मविश्वासाने बोलावी, हे कोणताही कायदा घडवू शकत नाही. ते काम समाजाचे आहे. मराठी बालरंगभूमीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

रंगभूमीशी सीमाभागाचे नाते जुनेच आहे. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. पुढे संगीत नाटकांच्या कंपन्यांत कोवळ्या वयाची मुले दाखल होऊ लागली. गोव्यातील मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर हे त्यांपैकीच एक. त्या मुलांना गायन व अभिनयाची कसून तालीम मिळे. परंतु ती ज्या नाटकांत उभी राहत, ती मोठ्यांची असत. कंपनीत मुले होती. मुलांसाठी नाटक नव्हते.

ही उणीव भरून काढण्याचा नेटका प्रयत्न मुंबईत झाला. अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून परतलेल्या सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने ‘लिटल थिएटर’ सुरू केले. पहिले नाटक होते रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’. मूल हा स्वतंत्र प्रेक्षक आहे व त्याच्यासाठीचे नाटक मोठ्यांच्या नाटकाइतक्याच निगुतीने झाले पाहिजे, ही भूमिका त्यामागे होती. १९६२ मध्ये मतकरींनी ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली आणि बँकेतील नोकरी सांभाळून, पत्नी प्रतिभा मतकरी यांच्या साथीने ती वर्षानुवर्षे चालवली.

पुढचे वळण १९८६ चे. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्याच्या थिएटर अकॅडमीने बर्लिनची ‘ग्रिप्स’ नाट्यपद्धती मराठीत आणली. येथे राजा-राक्षसांच्या जागी घर, शाळा, आईवडील आले. मोठे नट मुलांच्या भूमिका करू लागले आणि मुलांचे रोजचे प्रश्न मुलांच्याच नजरेतून मांडले जाऊ लागले. तरीही लेखणी मोठ्यांच्याच हाती होती.

ती मुलांच्या हाती गेली ठाण्यात. २०१४ पासून मतकरींच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा राहिला. नाट्यगृहाची पायरी क्वचितच चढलेल्या वस्त्यांतील मुलामुलींनी आपल्याच जगण्यावर नाटिका बेतल्या, बसवल्या आणि सादर केल्या. जाणत्या रंगकर्मींनी मार्गदर्शन केले. विषय व बोली मात्र त्या मुलांची राहिली. ‘मधुमंजिरी’चा लेखक पंचावन्न वर्षांनंतर इथवर पोचला, हे मला त्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. प्रेक्षक म्हणून ज्या मुलाला आधी मान मिळाला, ते मूल आता नाटककार झाले होते.

सीमाभागातील मुलांना नेमकी याच टप्प्याची गरज आहे. आपल्या मुलाची मराठी पाठ्यपुस्तकातली नसते. तिच्यात बेळगाव-खानापूरचे हेल असतात, कन्नड शब्द सहज मिसळलेले असतात. ती ‘अशुद्ध’ ठरवली की मूल गप्प बसते, आणि गप्प बसलेले मूल पुढे दुसरी भाषा जवळ करते. त्याच बोलीत त्याला नाटक रचू दिले, तर त्या बोलीला सभेपुढे प्रतिष्ठा मिळते.

त्यासाठी मोठ्या नाट्यगृहाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिमोगा जिल्ह्यातील हेग्गोडू या लहानशा गावात १९४९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नीनासम’ने १९८५ पासून ‘तिरुगाट’ हे फिरते नाट्यपथक कर्नाटकभर नेले. शेजाऱ्याकडून हे शिकण्यात कमीपणा नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथे आपली साहित्य संमेलने भरतात. गल्लोगल्ली गणेशोत्सवाचे मंडप उभे राहतात. त्यांतील एक सत्र, एक संध्याकाळ मुलांनी स्वतः लिहिलेल्या नाटिकांसाठी राखून ठेवणे आपल्याच हाती आहे. अनुच्छेद ३५०-क साठीचा लढा न्यायालयात व शासनदरबारी चालूच राहील. या कामासाठी मात्र कोणाच्याही आदेशाची आवश्यकता नाही.