बेगमीची कोठी

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. परंतु पेव म्हणजे भुईच्या पोटातील धान्याची कोठी, याची आठवण कितीजणांना असते? १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा महिनोमहिने तग धरता आला तो गडावरील धान्यसाठ्यामुळे. घरच्या कोठीलाही दरसाल एका वेढ्यास तोंड द्यावे लागे. तो वेढा पावसाचा. ओढे भरले की आठवड्याचा बाजार दुरावे. म्हणून उन्हाळ्यातच पापड, कुरडया, सांडगे वाळत. तिखट, चिंच, डाळी बरण्यांत जात. एरवी बाजारातील पालकाची जुडी आणि कोठीतील मूठभर हरभराडाळ यांची पातळभाजी होई.

१९४३ साली, महायुद्धाच्या टंचाईत, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याने गरिबाला धान्याची शाश्वती दिली, हे खरेच. पण वर्षाचा हिशेब आठवड्यावर आला आणि गृहिणीची बेगमीही साठेबाजीसारखी भासू लागली. वस्तुतः दोहोंत मोठे अंतर आहे. साठेबाज दुसऱ्याच्या भुकेची वाट पाहतो. गृहिणी आपल्या घरची भूक आधीच ओळखते. कोठी भरावी ती बाजार टाळण्यासाठी नव्हे, तर बाजारातून ताजे तेवढेच आणता यावे म्हणून.