लसणाच्या कुडीतून चालत आलेला रोग



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज घेऊन दहा गुंठे लसूण लावला. कुड्या घरच्याच. पात वीतभर झाली आणि तिच्यावर पिवळ्या रेघा उठल्या. करपा समजून तीन फवारण्या झाल्या. पैसे गेले, रेघा तशाच. गड्डे निघाले सुपारीएवढे. बैठकीत हप्त्याचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हिनं पाणीच नीट दिलं नसेल." ताई मान खाली घालून बसून राहिल्या. मला ते फार लागलं. नंतर जाणकारांनी पात पाहून सांगितलं की हा विषाणूचा रोग, म्हणून मी त्याचा इतिहास शोधून वाचला.

हा इतिहास सुरू होतो अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आणि तोही लसणात नाही, त्याच्या थोरल्या भावात, कांद्यात. तिथे पात पिवळी पडायची, सुरकुतायची, जमिनीकडे लोळायची आणि झाड खुजं राहायचं. मेल्हस नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२९ साली लिहून ठेवलं, की हा विषाणूचा नवा रोग आहे. गंमत बघा, तोवर झाडांचा विषाणू कुणी पाहिलेलाच नव्हता! साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. रोगट झाडाचा रस निरोगी झाडात गेला की तेही आजारी पडतं, एवढ्यावरून ओळखायचं.

मग हा रस नेतं कोण? मावा. आयोवातच पुढच्या काही वर्षांत माव्याच्या कितीतरी जाती तपासल्या गेल्या. कांद्यावर घर न करणारा मावासुद्धा रोग पसरवतो, असं दिसलं. बाजारात प्रत्येक पाटीतलं एक बोर चाखून पुढे जाणारी बाई असते ना, तसा तो एका पातीत सोंड खुपसतो, आवडलं नाही की दुसरीवर जातो. तेवढ्यात काम झालेलं असतं. म्हणूनच नुसत्या फवारणीनं हा रोग आवरत नाही.

पण माझ्या मते खरा शोध वेगळाच होता. हा रोग कांद्याच्या काळ्या बियांतून येत नाही, लावणीसाठी राखून ठेवलेल्या कांद्यातून येतो. आता लसणाचं काय? लसणाला आपण बी धरतच नाही. कुडी म्हणजे आईच्याच अंगाचा तुकडा. आईला रोग असेल तर तो लेकीत, लेकीतून नातीत, आणि दरवर्षी थोडा वाढतच जातो. त्यात आपली रीत अशी, की मोठे गड्डे बाजारात आणि बारके बियाण्याला. निवडायला बसतो कोण? आपणच बायका. बारका गड्डा बरेचदा आजारी झाडाचाच असतो, म्हणजे आपण वर्षानुवर्षं रोगच जपून ठेवत आलो.

यावर वाट सापडली ती फ्रान्समध्ये, डेलियाच्या फुलझाडावर. १९५२ साली मोरेल आणि मार्तँ या दोघांनी आजारी झाडाच्या कोंबाचं अगदी बारीक टोक कापून काचेच्या नळीत वाढवलं. त्या टोकापर्यंत विषाणू सहसा पोचलेला नसतो. झाड निरोगी निघालं. पुढे हीच युक्ती लसणाला लागू पडली.

आपल्याकडच्या कांद्याचीही एक नोंद आहे. २००६ साली जालना आणि नाशिक भागातल्या कांद्यावर एक विषाणू भारतात पहिल्यांदा नोंदला गेला. पातीवर आणि डेंगळ्यांवर वाळक्या गवताच्या रंगाचे, दोन्हीकडे निमुळते डाग पडतात. हॉलंडमध्ये आयरिस नावाच्या फुलावरून त्याला नाव मिळालं होतं. हा माव्यातून नाही, फुलकिड्यांतून पसरतो. म्हणजे दिसायला सारखं वाटलं तरी चोर निराळा.

एक शंका हमखास येते, असा लसूण खाल्ला तर? काही होत नाही. झाडाचे हे विषाणू माणसाला बाधत नाहीत.

ताईंचा हप्ता गटानं पुढे ढकलला आहे. यंदा पिवळ्या रेघांची झाडं दिसताच उपटायची आणि चांगल्या झाडांना रंगीत दोरा बांधून त्यांचेच मोठे गड्डे बियाण्याला ठेवायचे, असं ठरलंय. दोरा आणायचं काम त्या पाणी न दिल्याचं बोलणाऱ्या बाईंनीच अंगावर घेतलंय.