मंगलोरी कौल : निवड आणि निगा

मंगलोरी कौल : साच्यात दाबून घडवलेले आणि भट्टीत भाजलेले, कडांना खाचा असलेले चपटे मातीचे कौल. उतरत्या छपरासाठी ते वापरतात. कोकण, गोवा आणि कर्नाटक-केरळच्या किनारपट्टीवरील घरे, जुन्या शाळा, देवळांचे सभामंडप, मुंबईतील चाळी अशा असंख्य इमारतींवर ही कौले आहेत.

खाचांच्या कौलाचे पेटंट अल्सास प्रांतातल्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतले. भारतात त्याचे उत्पादन बासेल मिशनने सुरू केले. गेऑर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात, नेत्रावतीच्या काठी कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपुर या नद्यांकाठची चिकणमाती यासाठी उत्तम ठरली; तिच्यातील लोहामुळे भाजल्यावर कौलाला तांबडा रंग येतो. १८६८ मध्ये अल्बुकर्क घराण्याचा कारखाना निघाला, मिशनचे कारखाने पुढे कोझिकोड, फेरोकपर्यंत पसरले आणि गलबतांतून हा माल किनाऱ्याने मुंबईपर्यंत येऊ लागला. मिशनच्या जुन्या कौलावर कारखान्याचे नाव आणि ‘१८६५’ हा आकडा उठवलेला आढळतो. घरमालक तो कौलाच्या जन्माचा समजतात, पण ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे.

त्याआधीची नळीची कौले एकमेकांवर नुसती पालथी-उताणी रचलेली असत. वारा, मांजर किंवा माकड यांपैकी कशानेही ती सरकत. मंगलोरी कौलाच्या एका कडेची पट्टी शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते, वरच्या ओळीतले कौल खालच्यावर चढते आणि मागच्या बाजूची दोन नाके रिपेला अडकतात. पृष्ठभागावरच्या पन्हळींतून पाणी सरळ खाली पागोळीकडे जाते. सांधे पक्के बुजवलेले नसल्यामुळे माळ्यावरची गरम हवा फटींतून बाहेर पडते. या छपराचा सर्वांत मोठा गुण मात्र दुरुस्तीत आहे. फुटलेले कौल खालून उचलून काढता येते आणि दुसरे सरकवता येते; शेजारची कौले फक्त किंचित उचलावी लागतात. निवड आणि निगा यांचे सारे नियम हा गुण टिकवण्यासाठीच आहेत.

निवड करताना प्रथम आवाज पाहावा. कौल एका हाताने अधांतरी धरून बोटाच्या पेराने टकटक करावी. नीट भाजलेले कौल खणखणीत वाजते; कच्चे किंवा तडा गेलेले बद्द आवाज देते. फिकट नारिंगी रंग कमी भाजणी दाखवतो, काळपट आणि पिळवटलेले कौल जास्त भाजलेले असते. दुसरी कसोटी पाण्याची. कोरडे कौल तोलून चोवीस तास पाण्यात बुडवावे, पुसून पुन्हा तोलावे. वजन १८ ते २० टक्क्यांहून अधिक वाढले तर तो माल घेऊ नये. असे कौल पावसाळाभर ओले राहते, शेवाळ धरते आणि वाशांवर भार टाकते. तिसरी कसोटी बहुतेक जण विसरतात. लॉटमधली आठ-दहा कौले जमिनीवर प्रत्यक्ष एकमेकांत बसवून पाहावीत. प्रत्येक कारखान्याचा साचा दोन-चार मिलिमीटरने वेगळा असतो. दोन कारखान्यांची कौले एका पाख्यावर मिसळली की खाचा जुळत नाहीत, आणि गळती तिथूनच सुरू होते. जुन्या वाड्याची उतरवलेली कौले घेण्यात काहीच गैर नाही. चांगली भाजलेली असतील तर ती आजच्या पुष्कळ मालापेक्षा सरस निघतात, मात्र ती एकाच छापाची असावीत.

कौल साधारण दोन ते तीन किलोचे असते आणि चौरस मीटरला सुमारे १५ लागतात. म्हणजे चौरस मीटरला ३० ते ४५ किलो वजन लाकूड कायम पेलत असते. वासे साग, ऐन किंवा किंजळ यांचे, रिपा सागाच्या किंवा पोफळीच्या, ही कोकणातली रीत. रिपांमधले अंतर विकत घेतलेल्या कौलांवरून ठरवावे, आधी रिपा ठोकून मग कौले शोधू नयेत. ४१० मिलिमीटर लांबीच्या कौलाला ते सुमारे ३२० मिलिमीटर येते. उतार २५ अंशांपेक्षा कमी नसावा. वाऱ्याच्या तोंडावर तीस-पस्तीस बरा. बहुतेक छपरे कौलामुळे जात नाहीत, लाकडामुळे जातात. वासा खचला की ओळ वाकते, खाचा सुटतात आणि दोष मात्र कौलावर येतो. पूर्वी चुलीचा धूर वाशांना लागत असे, त्याने किडा कमी पडे. आता वाशाखाली बारीक भुसा पडलेला दिसताच टोकरून पाहावे, आणि काजूच्या टरफलाचे तेल किंवा कीडनाशक लावावे.

निगेचे मुख्य काम शाकारणीचे. एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी छपरावर चढून कौले चाळावीत. सरकलेली जागी बसवावीत, फुटकी बदलावीत, खाचांतली पाने-माती झाडावी. दोन पाखी जिथे मिळतात तो खोलगट जोड आणि पन्हळ यांत अडकलेला पाचोळा हातानेच काढावा. तिथे पाणी तुंबले की ते उलटे चढून आत येते. चालताना पाय दोन कौलांच्या चढावावर, म्हणजे रिपेच्या वर पडला पाहिजे. कौलाच्या मधोमध पाय दिला तर ते मोडते, आणि शाकारायला चढलेला अननुभवी माणूस दुरुस्तीपेक्षा मोडतोड जास्त करून उतरतो. शेवाळ कोरडे असताना काथ्याच्या ब्रशने काढावे. तारेचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याचा फवारा कौलाची भाजलेली कातडी खरवडतात.

गळती दिसली की सांध्यावर सिमेंट थापण्याची सवय घातक आहे. सिमेंटला काही महिन्यांत तडे जातात, गळती परत येते आणि चिकटलेले एक कौल काढताना चार फुटतात. चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा फक्त आढ्यावरच्या कौलांच्या बुडाशी हवा, तोही दरवर्षी तपासावा. उतरत्या स्लॅबवर शोभेसाठी कौले सिमेंटमध्ये बसवतात, तिथे एक कौल सहज बदलण्याची सोय पहिल्याच दिवशी संपते. अलीकडे बंगल्यांवर दिसणाऱ्या डांबरी शिंगल्सबाबतही हेच म्हणता येईल. खिळ्यांनी ठोकलेली आणि उन्हाने एकमेकींना चिकटलेली पट्टी वेगळी करणे कौलाइतके सोपे नसते.

वादळाचा धडा अलीकडचा आहे. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील हजारो छपरे उधळली. वारा पागोळीखालून आणि कडेच्या ओळींतून आत शिरतो. त्यामुळे पागोळीच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडा जस्त चढवलेल्या तारेने रिपेला बांधाव्यात. त्यासाठी अनेक कौलांच्या नाकाला भोक ठेवलेले असते, पण बांधणारे फार थोडे.

माकडांच्या उपद्रवामुळे आणि शाकारणारे कारागीर मिळेनासे झाल्यामुळे कोकणात अनेकांनी कौले उतरवून पत्रे घातले आहेत. त्यांना दोष देता येत नाही, तरी उन्हाळ्यातला उकाडा आणि पावसाचा आवाज पाहता कौल सोडण्याची घाई करू नये. घरातल्या एका तरुण माणसाने शाकारणी शिकून घ्यावी, आणि नवे छप्पर घालताना त्याच कारखान्याची, त्याच छापाची शंभरेक कौले जादा घेऊन पडवीत उभी रचून ठेवावीत.