प्रश्नाचे रूप आणि प्रयोगाची नीती : डॉल्फिनच्या श्रवणाचा शोध

डॉल्फिनच्या इंद्रियांविषयीच्या आधुनिक संशोधनाचा इतिहास हा शोधांचा तसाच प्रश्नांच्या भाषेचाही इतिहास आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात रस वाटावा, तो याच कारणाने.

फ्लोरिडातील 'मरीन स्टुडिओज'चे अभिरक्षक आर्थर मॅकब्राइड यांनी १९४७ मध्ये नोंदवले, की रात्री, गढूळ पाण्यातही डॉल्फिन बारीक विणीचे जाळे अचूक चुकवतात. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. वटवाघळांच्या संदर्भात डोनाल्ड ग्रिफिन यांनी १९४४ मध्ये घडवलेली 'एकोलोकेशन' ही संज्ञा, म्हणजे प्रतिध्वनीवरून वस्तूचे स्थान ओळखणे, आता समुद्राकडे वळली. केनेथ नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एका डॉल्फिनचे डोळे रबरी झाकणांनी झाकले. तरीही ती अडथळ्यांतून सहज वाट काढत असे. १९६१ मध्ये हे निष्कर्ष प्रकाशित झाले.

जॉन लिली यांचा प्रश्न निराळा होता : हा प्राणी आपल्याशी बोलेल काय? १९५५ मध्ये मेंदूच्या अभ्यासासाठी भूल दिलेले डॉल्फिन दगावले, कारण त्यांचा श्वासोच्छ्वास ऐच्छिक असतो. १९६५ मध्ये सेंट थॉमस बेटावर, 'नासा'च्या आर्थिक साहाय्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत, पीटर नावाच्या डॉल्फिनला इंग्रजी उच्चार शिकवण्यात आले. काही डॉल्फिनांना एलएसडीही टोचण्यात आले. पुढे अनुदान आटले, प्रयोगशाळा बंद पडली. पीटरला मायामीतील अपुऱ्या जागेत हलवण्यात आले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

यावरून 'एक निधी शुद्ध, दुसरा अशुद्ध' असा सोपा निष्कर्ष काढता येणार नाही. प्रतिध्वनीच्या संशोधनामागेही अमेरिकी नौदलाचा पैसा होता आणि त्याला सोनार हवे होते. भेद प्रश्नात होता. नॉरिस यांनी प्राण्याला त्याच्या स्वतःच्या इंद्रियाविषयी विचारले. लिली यांनी त्याच्याकडून आपल्या भाषेचे अनुकरण मागितले. अनुवादाच्या परिभाषेत सांगायचे, तर दुसऱ्या उपक्रमात मूळ संहितेचे वाचन होण्याआधीच लक्ष्यभाषा ठरली होती.

तथापि, योग्य प्रश्न हीदेखील पुरेशी हमी नव्हे. अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने संशोधनासाठीही परवाना आवश्यक ठरवला आणि प्रयोगाची पद्धत निर्दय नसावी, ही अट घातली. संशोधकाच्या सद्भावनेवर सोपवलेली नीती तेथे सार्वजनिक उत्तरदायित्वाच्या कक्षेत आली. ज्याला आपली संमती अथवा नकार आपल्या भाषेत कळवता येत नाही, त्याच्या वतीने कोणी तरी आधी प्रश्न विचारावा लागतो. या कायद्याचे मोल ते हेच.